किडूकमिडूक : लहान शब्द, मोठा हिशेब

'किडूकमिडूक' हा अंशाभ्यस्त शब्द आहे. त्यात काही अक्षरे पुन्हा येतात. 'उरलेसुरले' या शब्दाप्रमाणे यातही वस्तू हलकी करून सांगण्याची छटा आहे.

कोल्हापूरच्या गुजरीत ठुशी, साज, कुड्या, जोडवी या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. जवळची हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी ओळखली जाते. घरात अडचण आली, की मात्र ही नावे पुसली जातात. 'किडूकमिडूक मोडून' मुलांची फी भरली, बियाणे आणले, असे सांगितले जाते. सराफाच्या काट्यावर हा शब्द चालत नाही. तेथे वजन आणि कस पाहिला जातो.

या शब्दाचा अर्थ तो कोण उच्चारतो यावर ठरतो, असे माझे मत आहे. दागिना मोडणारी स्त्री स्वतः तो वापरते, तेव्हा त्यात स्वाभिमान असतो; आपल्या त्यागाचा गवगवा तिला नको असतो. तोच शब्द इतरांनी तिच्या दागिन्यांसाठी वापरला, की घराच्या उभारणीतील तिचा वाटा हिशेबातून गळतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे 14 वे कलम स्त्रीधनासह हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानते. बोलीतील सवय तिथवर पोहोचलेली नाही.

म्हणून हा शब्द टाकून द्यावा, असे नव्हे. परंतु घर कशावर उभे राहिले हे सांगताना ठुशीला ठुशीच म्हणावे, आणि ती कोणाची होती हेही सांगावे.