‘पारंपरिक’ या शब्दाआड

गौरी-गणपतीत कर्जत, खालापूरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांतून ढोलाच्या तालावर फेर धरले जातात. त्यांत पिढीजात गाणी असतात, तशी कुणीतरी नव्याने रचलेलीही असतात. असा एखादा रचनाकार-गायक कोणत्याही कंपनीच्या दाराशी न जाता स्वतःचा अल्बम काढू म्हणेल, तर ध्वनिमुद्रण आज त्याच्या आवाक्यात आले आहे. प्रश्न आहे तो नावाचा.

शेजारच्या पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याच्या परिसराने आणि तिथल्या ठाकरांनी गो. नी. दांडेकरांना ‘जैत रे जैत’ ही कादंबरी दिली. पुढे जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला, ना. धों. महानोरांचे शब्द व हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत घरोघरी पोहोचले. ही नावे रसिकांना मुखोद्गत आहेत, आणि ते योग्यच आहे. वाडीतल्या गीतकाराच्या वाट्याला मात्र बहुधा ‘पारंपरिक’ एवढाच शब्द येतो. परंपरेला मानधन कोण देणार!

वस्तुतः कायदा त्याच्या बाजूचा आहे. स्वामित्वहक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क कंपनीला विकले, तरी २०१२ च्या दुरुस्तीनुसार रॉयल्टीतील त्याचा समान वाटा सुटत नाही. अर्थात, हे त्याला कुणी सांगितले तर. पूर्वापार चाल अवघ्या समाजाची, ती एकट्याने आपली म्हणू नये. नव्या शब्दांवर मात्र रचणाऱ्याचेच नाव हवे. उत्सव मंडळांनी ते निवेदकाच्या कागदावर आधी लिहावे, आणि मानधनाचे पाकीटही कार्यक्रमाआधीच द्यावे.