गाठ थांबली, श्रवणाचे काय?

स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये किरण-शस्त्रक्रियेची कल्पना मांडली. १९६८ मध्ये ‘गॅमा नाईफ’ हे त्यांचे उपकरण कार्यान्वित झाले. कवटी न उघडता श्रवणनाडीवरील गाठीची वाढ रोखता येते, ही या उपचाराची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस-२’ या आनुवंशिक विकारात हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे गाठी बहुधा दोन्ही बाजूंच्या श्रवणनाड्यांवर उद्भवतात आणि रुग्ण बहुतेकदा तरुण असतो. एकाच बाजूला गाठ असलेल्या इतर रुग्णांच्या तुलनेत किरणांचे यश कमी भरते. उपचारानंतरही श्रवणशक्ती क्षीण होत जाते. गाठ कर्करोगी बनण्याचा धोका, अल्प का होईना, उरतोच.

म्हणूनच गाठ थांबली की उपचार सफल, हे मोजमाप अपुरे आहे. एक कान गेलेल्या माणसाच्या उरलेल्या कानाचे मोल अनेकपटींनी वाढते. तेव्हा गाठ वाढत नसेल तर घाई न करता नियमित एमआरआय तपासणी, कुटुंबीयांची जनुकीय चाचणी आणि ऐकू येत असतानाच ओष्ठवाचन व खुणांच्या भाषेचे शिक्षण, यांची तरतूद यंत्रखरेदीबरोबरच व्हावयास हवी.