'समुपदेशक' शब्दातला उपदेश

'समुपदेशक' हा शब्द ज्याने कुणी काढला त्याचं भलं होवो, पण त्यात 'उपदेश' आहे आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं आणि म्हसळ्याच्या आमच्या घराची कौलं अन् मागची सुपारीची बाग एका दुपारीत गेली. मी पुण्यात, लॉकडाऊनमध्ये अडकलेला. कौलं पुढे बसली. बाबा मात्र पहाटे तीनला उठून पडवीत बसायला लागले. जेवण अर्ध्यावर, बोलणं बंद. मी काय केलं? आम्ही सॉफ्टवेअरवाले, बग दिसला की फिक्स! "बाबा, भरपाई मिळेल, नवी रोपं लावू, पॉझिटिव्ह राहा." ते "हो" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

काउन्सेलरचं नाव काढलं तर आधी "मला काय वेड लागलंय?" आणि मग, "त्या बाईंना सुपारीतलं काय कळतं?" तेव्हा हसलो. आता वाटतं, त्यांचा प्रश्न अर्धा तरी बरोबर होता. शिक्षण कुठलं, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, पद्धत कुठली, हे विचारायलाच हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची नोंदणीही विचारावी. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडून सरळ उठावं, हे माझं मत.

बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, मी आरईबीटी वापरते. ही पद्धत अल्बर्ट एलिसची, १९५५ सालची. हा गृहस्थ आधी मनोविश्लेषण करायचा, ते सोडून इकडे आला. तरुणपणी मुलींशी बोलायला इतका घाबरायचा की एकदा ठरवून बागेत जाऊन शंभरेक अनोळखी बायकांशी बोलला. (डेट एकच ठरली, तीही आली नाही म्हणे!) आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ही पद्धत मराठीत आणली, नाहीतर ती इंग्रजीतच राहिली असती.

मुद्दा साधा आहे. घटना एक, तिच्याबद्दल आपण मनात म्हणतो ते दुसरं, आणि त्रास बराचसा या दुसऱ्यातून येतो. बाईंनी धीरबीर दिला नाही. एवढंच विचारलं, "बाग पडल्यावर तुम्ही स्वतःला काय म्हणालात?" बाबांनीच हे मला नंतर सांगितलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले होते, "वडलांनी लावलेली बाग माझ्या हातून गेली."

माझ्या हातून! ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता हो. आणि मी महिनाभर भरपाईचं बोलत होतो.

पुढे फोनवर बरीच सत्रं झाली. तेव्हा नंबर ओळखीतून मिळवावा लागला होता. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. गावाकडे फोन कराल तेव्हा सांगून ठेवा.

बाबा कधीकधी अजून तीनला उठतात. नवी रोपं माझ्या उंचीच्या वर गेलीत. परवा मी म्हटलं, ठिबक करून टाकू, तर म्हणाले, "तू आधी विचार तरी, मला हवंय का ते."