बुयेई : एका नावाच्या लोकांची तीन सरकारी नावे

१/ 'ताई' भाषाकुळाचे नाव निघाले की भारतीय वाचकाला प्रथम आसामचे आहोम आठवतात. १२२८ मध्ये सुकाफा पाटकाई ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला, तेव्हा त्याच्यासोबत आलेली भाषा ताई होती. नामदांग, नामरूप या स्थलनामांतला 'नाम' म्हणजे पाणी किंवा नदी. बँकॉकमध्ये आजही पाण्याला 'नाम'च म्हणतात. मात्र याच कुळातल्या एका मोठ्या भाषेत पाण्याला 'रम' किंवा 'ज़म' असे म्हणतात. ती भाषा म्हणजे दक्षिण चीनमधील ग्वेझोऊ प्रांतातली बुयेई.

२/ या एका व्यंजनात कुळाची फाळणी दिसते. ली फांग-क्वेई यांनी १९७७ च्या तौलनिक ग्रंथात ताई भाषांच्या तीन शाखा मांडल्या : नैर्ऋत्य, मध्य आणि उत्तर. थाई, लाओ, शान, आहोम या नैर्ऋत्य शाखेच्या. बुयेई उत्तर शाखेची. थाईतला भात 'खाव', बुयेईत 'हाऊ'. थाईतला मासा 'प्ला', बुयेईत 'प्या'. डोळा मात्र दोन्हीकडे 'ता'. संख्यावाचक शब्दही विलक्षण जुळतात, पण त्यांवरून नाते ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. त्यांतले बरेचसे प्राचीन चिनीतून उसने आलेले आहेत.

३/ इथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो शेजारच्या भाषेपाशी.

४/ ग्वेझोऊच्या दक्षिणेला ग्वांग्शी. तिथली मोठी भाषा झुआंग. चीनच्या २०२० च्या जनगणनेत झुआंग लोकांची संख्या सुमारे १ कोटी ९५ लाख, तर बुयेईंची सुमारे ३५ लाख भरली. शासनाच्या लेखी ही दोन राष्ट्रके आहेत आणि म्हणून दोन भाषा आहेत. बहुतेक कोशांत आणि नकाशांतही तेच छापले जाते. 'म्हणून' हा शब्द इथे खटकायला हवा, कारण पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो.

५/ 'झुआंग' या एका नावाखाली उत्तर आणि दक्षिण असे दोन गट येतात. उत्तर झुआंग ही ली यांच्या उत्तर शाखेत बसते, दक्षिण झुआंग मध्य शाखेत. या दोन टोकांच्या भाषकांना एकमेकांचे बोलणे उमगत नाही. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांच्या यादीत तर झुआंगच्या छत्राखाली १६ वेगवेगळ्या भाषा नोंदलेल्या आहेत. उलट ग्वेझोऊच्या दक्षिण टोकाची बुयेई आणि नदीपलीकडची उत्तर झुआंग यांच्यात शाखाभेद मुळीच नाही. गावागणिक किंचित बदलत जाणारी ती एकच सलग बोली-साखळी आहे. म्हणजे जे दूरचे ते एका नावात बांधले गेले आणि जे सख्खे शेजारी ते दोन नावांत वाटले गेले.

६/ हे घडले कसे? नानपान आणि होंगश्वे या नद्यांच्या दोन्ही काठांवर पूर्वी सिचेंगच्या चेन घराण्याचा अंमल होता. हे वंशपरंपरागत स्थानिक सरदार. बादशहाची मान्यता घेऊन आपल्या मुलखावर राज्य करणारे. योंगझेंग बादशहाच्या काळात ओर्ताई या प्रशासकाने अशी सरदारक्या मोडून तिथे थेट सरकारी अधिकारी बसवण्याचा धडाका लावला. १७२७ मध्ये सिचेंगचा सरदार पदच्युत झाला, नदीच्या उत्तरेचा मुलूख ग्वांग्शीतून काढून ग्वेझोऊला जोडला गेला आणि नदी ही प्रांतसीमा ठरली. निर्णय महसुलाचा आणि बंदोबस्ताचा होता. कोण कोणती भाषा बोलतो हा प्रश्न त्या कागदपत्रांत कोणाच्या डोक्यातही नव्हता. तरीही सव्वादोनशे वर्षांनी भाषांची यादी करणाऱ्यांच्या हाती आयती रेघ आली ती हीच.

७/ १९५३ मध्ये नव्या राजवटीने लोकांना आपापल्या समाजाचे नाव नोंदवायला सांगितले, तेव्हा देशभरातून ४०० हून अधिक नावे आली. ती काही डझनांवर आणायची होती. शेजारच्या युन्नानमध्ये १९५४ च्या पाहणीनंतर 'शा' आणि 'नोंग' हे दोन गट झुआंगमध्ये घातले गेले. त्यांतल्या 'शा'ची बोली उत्तर शाखेची, 'नोंग'ची मध्य शाखेची. भाषाशास्त्र हाताशी होते, त्याचा उपयोगही झाला. पण शेवटची मोहोर प्रशासनाची होती.

८/ तरीही 'बुयेई हे नाव म्हणजे निव्वळ कारकुनी' असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि हा मुद्दा सीमारेषांवर टीका करणारे अभ्यासक फार चटकन ओलांडून जातात. या लोकांना चिनी दप्तरांत आधी 'झोंगजिया' किंवा 'झोंग मियाओ' म्हटले जाई, आणि त्यातले 'झोंग' हे अक्षर श्वानवाचक अंग जोडून लिहिले जाई. १७९७ मध्ये वांग नांगशियान ही तरुणी आणि वेई चाओयुआन यांच्या नेतृत्वाखाली नानलोंगमध्ये मोठा उठाव झाला. तो चिरडल्यानंतर दरबाराने नानलोंगचे नाव बदलून शिंगयी ठेवले. ज्यांच्या माथी शतकानुशतके असे नाव मारलेले होते, त्यांना १९५३ मध्ये स्वतःच्या उच्चारातले 'पु-याय' हे नाव चिनी रूपात का होईना परत मिळाले. त्याची किंमत कमी लेखता येत नाही.

९/ 'पु' म्हणजे माणूस, 'याय' हे त्यांचे नाव. अडचण अशी की हे नाव नदीच्या उत्तरेपुरते नाही. ग्वांग्शीच्या वायव्य भागातही स्वतःला याच नावाने ओळखणारे गट आहेत. ते सरकारदरबारी झुआंग. व्हिएतनामच्या लाओ काय प्रांतात 'झाय' नावाचा समाज आहे. तोही याच नावाचा, याच भाषेचा. बुयेई, झुआंग, झाय : स्वतःसाठी एकच शब्द वापरणाऱ्या लोकांवर तीन सरकारी शिक्के. व्हिएतनामच्या यादीत 'बो य' असा आणखी एक निराळा समाज आहे आणि त्यातली एक शाखा आता चिनीच बोलते.

१०/ रेघ चुकीची होती तर ती पुसायची का? तोही प्रयोग झाला. १९५६ मध्ये बुयेई आणि झुआंग यांच्यासाठी एकत्रित रोमन लिपीची योजना स्वीकारली गेली. विचार उदात्त होता, पण प्रमाण मानली गेली ती ग्वांग्शीतल्या वूमिंगची बोली. वांगमोच्या शेतकऱ्याने शेजाऱ्याची नव्हे, तर साखळीत कितीतरी दूर असलेल्या गावाची भाषा वाचायला शिकावी, अशी अपेक्षा होती. काही वर्षांतच ती योजना बारगळली. हे अपयश 'दोन भाषा वेगळ्याच' असल्याचा पुरावा म्हणून सांगितले जाते. ते तसे नाही. केंद्र चुकीच्या जागी निवडल्याचा तो पुरावा आहे.

११/ १९८० च्या दशकात बुयेईची स्वतंत्र लिपी आली, वांगमोच्या उच्चारांवर आधारलेली. वांगमो नदीकाठचे, म्हणजे झुआंगला सर्वांत जवळच्या पट्ट्यातले! त्याच सुमारास, १९८२ मध्ये, झुआंगची लिपीही सुधारली गेली. दोन्ही लिप्यांत स्वराचा चढउतार शब्दाच्या शेवटी एक अक्षर जोडून दाखवतात. सहा मूळ स्वरांपैकी तिघांची खूण दोन्हीकडे सारखी, तिघांची वेगळी. परिणाम असा की डोळ्याला दोन्हीकडे 'ता'च म्हणतात, पण झुआंगमध्ये तो 'डी-ए' असा लिहायचा आणि बुयेईत 'डी-ए-एल'. कानाला जो शब्द एक, तो डोळ्याला दोन.

१२/ स्वतंत्र लिपी हवी होती, यात शंका नाही. पण या तीन खुणा वेगळ्या ठेवण्यामागे उच्चाराची कोणतीही निकड नव्हती. चिनीच्या रेट्यापुढे दोन्ही भाषांचे वाचक मुळातच मोजके असताना काठापलीकडचा वाचक हातचा घालवणे ही चैन होती.

१३/ जुन्या लोकांनी ती केली नव्हती. नदीच्या दोन्ही काठांवर 'मो' म्हणणारे पुरोहित अंत्यविधीला आणि पूजेला लांबलचक पद्यग्रंथ म्हणतात. ते लिहिलेले असतात चिनी अक्षरांत, पण अक्षरे ताई उच्चारासाठी राबवलेली. काही तर नव्यानेच घडवलेली. डेव्हिड होम यांनी २०१३ च्या ग्रंथात या अक्षरांचा गावोगावचा वापर नकाशावर मांडला. त्यात त्यांनी ग्वांग्शीच्या हस्तलिखितांबरोबर ग्वेझोऊची हस्तलिखितेही घेतली, कारण अक्षरांच्या सवयी प्रांतसीमेपाशी थांबत नव्हत्या.