सिव्हिल लाइन्सचा कायदा आणि बाळंतिणीचा जीव

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राज्यपालांचे निवासस्थान आहे आणि मुख्यमंत्र्यांचेही. एप्रिल 2023 मध्ये राज्यपालांच्या संमतीने राजस्थानचा आरोग्य हक्क कायदा सिद्ध झाला आणि असा कायदा करणारे देशातील पहिले राज्य म्हणून राजस्थानचा गाजावाजा झाला. सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार आणि तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार, हे त्याचे अभिवचन. परंतु ज्या नियमांवाचून कायद्याला हातपाय फुटत नाहीत, ते नियम काँग्रेस सरकारने केले नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या भाजप सरकारलाही त्यांची निकड वाटली नाही. सत्ता बदलली, दिरंगाई मात्र कायम राहिली.

या दिरंगाईची किंमत कोण मोजते? प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण. उपचार न मिळाल्यास अशी स्त्री सुमारे दोन तासांत दगावू शकते. तिला वाचवणारे ऑक्सिटोसिन आणि झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट ही स्वस्त औषधे वैद्यकशास्त्राला अनेक दशके ठाऊक आहेत. उणीव ज्ञानाची नाही. गाडी, रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय वेळेवर हाताशी असण्याची आहे. म्हणूनच मातामृत्यू हा दैवाचा नव्हे, राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

एका वर्षातील दोन भाषा

फेब्रुवारी 1987 मध्ये नैरोबी येथे सुरक्षित मातृत्व परिषद भरली. मातामृत्यू 2000 सालापर्यंत निम्म्यावर आणण्याची हाक तेथे देण्यात आली. परिषदेच्या पुरस्कर्त्यांत जागतिक बँक होती. त्याच वर्षी त्याच बँकेने विकसनशील देशांना सरकारी आरोग्यसेवेसाठी रुग्णांकडून शुल्क घेण्याचा धोरणात्मक सल्ला दिला. एका हाताने आश्वासन आणि दुसऱ्या हाताने रुग्णालयाच्या दारात गल्ला! निम्म्याचे उद्दिष्ट 2000 साली हुकले. पुढे 1990 ते 2015 या काळात मृत्यूदर तीन चतुर्थांशाने घटवण्याचा संकल्प झाला. घट निम्म्यापर्यंतही पोहोचली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगात सुमारे 2,60,000 माता दगावल्या. त्यांतील दहापैकी नऊहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. राजस्थाननेही 1990 च्या दशकात सरकारी रुग्णालयांत मेडिकेअर रिलीफ सोसायट्या स्थापून हीच शुल्काची वाट धरली होती.

घटत्या आकड्यांचा आडोसा

राज्यकर्त्यांचे समर्थक म्हणतील की आकडे घटत आहेत. घटत आहेत, यात शंका नाही. दर लाख जिवंत जन्मांमागे राजस्थानातील मातामृत्यू 2001-03 मध्ये 445 होते, ते 2018-20 मध्ये 113 झाले. 2005 ची जननी सुरक्षा योजना, 2011 ची मोफत प्रसूतिसेवा आणि आशा सहयोगिनींचे कष्ट यांचा त्यात वाटा आहे. सार्वजनिक पैसा खर्च झाला की जीव वाचतात, हेच यातून सिद्ध होते. परंतु त्याच 2018-20 मध्ये केरळचा आकडा 19 होता. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली एका राज्यातील बाळंतपण दुसऱ्या राज्यापेक्षा सहापट धोक्याचे का असावे? जमीन सुधारणा, स्त्रीशिक्षण आणि गावोगावची सरकारी दवाखान्यांची घडी यांचा केरळला लाभ झाला. ते कोणत्या चमत्काराचे फळ नव्हे.

राजस्थानात मात्र खासगी रुग्णालयांनी मार्च 2023 मध्ये संप पुकारला. उपचारांची भरपाई कोण व कधी देणार, हा डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सरकारी तिजोरीने द्यायला हवे होते. त्याऐवजी 4 एप्रिलच्या तडजोडीत 50 पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर सोडण्यात आली. तालुक्याच्या गावी बहुधा लहान रुग्णालयच जवळ असते. ज्या दारावर रात्री थाप पडते, नेमके तेच दार कायद्याने मोकळे सोडले.

केंद्र सरकारची कथा निराळी नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीस किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. 2017 च्या मातृवंदना योजनेने तो 5,000 रुपयांवर आणि पहिल्या अपत्यापुरता आणून ठेवला. दुसऱ्या खेपेची माता कमी उपाशी असते काय? आशांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने केली. तरीही त्यांना स्वयंसेविका म्हणूनच राबवले जाते.

महाराष्ट्रातील वाचकानेही हा प्रश्न परप्रांताचा समजू नये. नंदुरबारच्या डोंगरपाड्यांतून गर्भवतीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या घटना याच प्रगत राज्यातल्या आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. आरोग्य हक्काचे नियम करून त्यांना पुरेसा निधी द्या. तातडीच्या प्रसूतीला खाटांची अट लावू नका आणि भरपाई वेळेवर द्या. ग्रामीण रुग्णालयांत रक्तसाठा व भूलतज्ज्ञ द्या. मातृत्वलाभ प्रत्येक बाळंतपणाला द्या आणि आशांना कामगारांचा दर्जा द्या. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होऊन तिचे निष्कर्ष व्यक्तीचे नाव न उघडता जनतेपुढे आले पाहिजेत. सिव्हिल लाइन्समध्ये उमटलेली सही शेवटच्या ढाणीतील बाळंतिणीपर्यंत आपोआप पोहोचणार नाही. शेतमजूर, आशा आणि परिचारिका यांच्या संघटित लढ्यानेच ती तेथवर न्यावी लागेल.