दप्तर राखले तर हिशेब राहील



पूर्वी टपाल आले की आवक बारनिशीत नोंद व्हायची आणि कागद फायलीला लागायचा. आज बँकेचे पत्र, साखर आयुक्तालयाचा आदेश, व्यापाऱ्याची मागणी, सारे ई-मेलने येते. हे नवे दप्तर कोण सांभाळतो, असे आपण सभेत कधी विचारले आहे काय?

या पेटीलाही गोदामासारखी मर्यादा असते. गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते. टपाल, फोटो, फायली सारे त्यातच. ती भरून गेली की नवे पत्र आत येत नाही. मग घाईघाईने जुने पुसले जाते, आणि कचरापेटीतले ३० दिवसांनी कायमचे जाते. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत टपालाची फाईल २ जीबीपुढे गेली की बिघडायची. पुढे मर्यादा वाढली. पण सारे एकाच संगणकात ठेवले आणि तो बंद पडला, तर काय करणार?

कोणी म्हणेल, "मोबाईलवर पण दिसतंय की!" अहो, ती दुसरी प्रत नव्हे. एकीकडे पुसले की बहुधा दोन्हीकडचे जाते. कोणी म्हणेल, कंपनी सांभाळील. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलवरील हजारो लोकांचे टपाल दिसेनासे झाले. गूगलने ते वेगळ्या ठेवलेल्या टेपांवरून परत आणले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही राखीव प्रतच कामाला आली!

यात आपले काय जाते? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज मिळावे, असा १९६६ च्या आदेशाचा नियम आहे. उद्या वाद उभा राहिला तर तोंडी बोलणे चालत नाही, लेखी पुरावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. टपाल कारकुनाच्या खासगी खात्यावर नको, संस्थेच्या नावे असावे. दरमहा दोन प्रती काढाव्यात, एक कचेरीबाहेर ठेवावी. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीतून जुने पत्र काढून पाहावे. न उघडणारी प्रत काय कामाची? आणि याचा अहवाल वार्षिक सभेपुढे यावा.

खर्च थोडा होईल. पण बेणे राखायला शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. दप्तराचेही तसेच आहे.