धूर मोजून आग विझत नाही

ऐन उमेदीतील कर्ता माणूस छातीत कळ येऊन एकाएकी गेला, ही वार्ता अलिबाग, मुरुड, उरणकडील घरांना आता अपरिचित राहिलेली नाही. दक्षिण आशियातील माणसास पहिला झटका इतरांच्या मानाने सुमारे सहा वर्षे आधी, ५३ च्या आसपास येतो, असे ‘इंटरहार्ट’ ह्या जागतिक पाहणीतून २००७ साली दिसून आले. ह्या भीतीवर तपासण्यांच्या ‘पॅकेजां’चा एक नवा व्यापार उभा राहिला आहे. त्यांत रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचा आकडा छापून येतो, आणि तो ठळक अक्षरांत असला की घरात सुतकी कळा पसरते.

हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस ह्यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. शरीरात कोठेही दाह पेटला की यकृत ते अधिक बनविते. हिरडी सुजली तरी ते वाढते. आणि भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यास पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप आला, तर झपाट्याने वाढते. अशा तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाचा हा आकडा त्याच्या हृदयाविषयी काय सांगणार?

धमन्यांतील मेदाच्या थरांत दाह असतो, आणि ज्यांच्या रक्तात हे प्रथिन सातत्याने अधिक असते त्यांना झटकेही अधिक येतात, हे खरे. परंतु प्रथिन हेच त्याचे कारण काय? ह्याचा निवाडा अनुवंशशास्त्राने केला, आणि त्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. आईबापांची कोणती जनुके आपल्या वाट्यास यावीत हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरते. तेथे श्रीमंतीचा किंवा विडीचा वशिला चालत नाही. काहींच्या चिठ्ठीत असा जनुकभेद निघतो की हे प्रथिन त्यांच्या रक्तात जन्मभर थोडे अधिक राहते. प्रथिन दोषी असते, तर ह्या मंडळींना झटके अधिक यावयास हवे होते. तसे घडत नाही, हे २००८ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी आणि २०११ साली १,९४,४१८ व्यक्तींची माहिती एकत्र करणाऱ्या अभ्यासाने दाखविले. मात्र इंटरल्युकिन-६ ह्या दाहाच्या संदेशवाहकाचा जोर ज्यांच्या जनुकांनीच कमी केलेला असतो, त्यांना हृदयविकार कमी होतो असे २०१२ साली आढळले. आग तेथे आहे. प्रथिन हा तिचा धूर.

आग शमविण्याचे प्रयत्नही चालू आहेत. वातरक्तावरील जुने औषध कोल्चिसिन २०२० च्या एका मोठ्या प्रयोगात जुन्या हृदयरुग्णांना उपकारक ठरले. २०२४ च्या दुसऱ्या प्रयोगात झटक्यानंतर लगेच देऊन लाभ दिसला नाही. हेच द्रव्य पावसाळ्यात कोकणात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात असते. (तो उकरून खाण्याचा मोह कोणी धरू नये, त्याने माणसे दगावली आहेत.)

चाचणी निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. जाणत्या डॉक्टराच्या हाती ती एक खूण आहे. आमचा आक्षेप ती भविष्य म्हणून विकण्यास आहे. आणि तेही अशा समाजात, ज्याची जनुके फारशी कोणी तपासलेलीच नाहीत. २०११ चा तो अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा होता. कोळी, आगरी, बेने इस्रायल, कोकणी मुसलमान, हे पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यांतच सोयरीक करीत आलेले समाज त्यात कोठे आहेत? हृदयस्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरांची गळती भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत असते, हे २००९ साली हैदराबादच्या थंगराज प्रभृतींनी येथील लोकांचे रक्त तपासले म्हणून कळले. अलिबागेस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. किनाऱ्याची अशी पाहणी त्याने हाती घ्यावी, आणि सरकारने तिच्यासाठी पैसा वेगळा काढून ठेवावा.

तोवर वाचकांनी ‘पॅकेज’ घेण्याआधी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल मोजून घ्यावे, आणि घरातील तंबाखू व मशेरीचा डबा बाहेर टाकावा. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतील रक्तदाबाची यंत्रे चालू स्थितीत आहेत काय, ह्याचे उत्तर जिल्हा परिषदेने द्यावे.